टायपिंग क्लासच्या मशिनींना सारखा फॉरमॅट मारावा लागतो, स्वतःची इमेज कशी बनवायची?

कळपट्टी, बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेच्या बॅचेस, मराठी आणि इंग्रजी, मिनिटाला ३० नि ४० शब्दांच्या. एकूण १८ मशिनी. त्यातल्या १२ एकाच लॉटमधल्या, सेकंडहँड घेतलेल्या: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, वरून २४० जीबीच्या एसएसडी बसवून घेतल्या. बाकीच्या सहांचं एकमेकींशी काही जुळत नाही. त्यात ऑफिसचा एक लॅपटॉप आहे, तो मात्र नवा.

परीक्षा संपून नवी बॅच सुरू व्हायच्या मधल्या दिवसांत मी सगळ्या मशिनींवर विंडोज नव्याने टाकते. पोरं पेनड्राइव्ह लावतात, काहीबाही डाउनलोड करतात, डेस्कटॉपवर पाय ठेवायला जागा राहत नाही. विंडोज टाकणं पटकन होतं, वैताग त्याच्यानंतरचा आहे. ड्रायव्हर, अपडेट, ऑफिस, पीडीएफचं, मराठी फॉन्ट, रेमिंग्टन लेआउटचं (टाइपरायटरसारख्या कळांच्या मांडणीचं) सॉफ्टवेअर, प्रिंटर, आणि प्रत्येक मशिनवर ती तारीख आधी महिना मग दिवस अशी येते ती सरळ करायची. एका मशिनला अर्धा दिवस कुठे जातो कळत नाही.

आमच्याच गल्लीतला एक दुरुस्तीवाला म्हणतो, "मॅडम, माझ्याकडे सगळं घातलेली विंडोज आहे, पेनड्राइव्ह लावा नि चहा प्या." ॲक्टिव्हेट झालेली येते, अपडेट बंद असतात, ऑफिससकट. कुठून आणली विचारलं तर हसतो. मला ते नको वाटतं, पण तसंच काहीतरी स्वतः बनवता आलं तर हवंय. अठरा मशिनींना एकच इमेज, म्हणजे सगळं घालून तयार केलेल्या विंडोजची एकच फाइल, चालेल का? विकतचं सॉफ्टवेअर लागेल का? मला कमांडची भीती नाही, फक्त कुणीतरी क्रमाने सांगा.

घाटवळण

मॅडम, इतका विचार कशाला? क्लोनझिला घ्या, फुकट आहे. एक मशीन मनासारखं तयार करा, त्याची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि बाकीच्या अकरांवर ओता. वापरात असलेले ब्लॉकच कॉपी करतं, त्यामुळे एसएसडीवर काही मिनिटांत मशीन उभं राहतं. एकच लक्षात ठेवा: ज्या डिस्कवर ओतणार ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. २४० वरून काढलेली १२८ वर बसणार नाही.

उरलेल्या सहा हातानेच करा. सहांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

पाना_पक्कड, इचलकरंजी

ताई, तो गल्लीतला पेनड्राइव्ह आधी लांब ठेवा. असल्या विंडोजमध्ये ॲक्टिव्हेटर घुसवलेला असतो, तो विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसने पकडू नये म्हणून डिफेंडर मारलेला असतो, आणि ॲक्टिव्हेशन उडू नये म्हणून अपडेट बंद. म्हणजे अठराच्या अठरा मशिनी दार उघडं टाकून ठेवल्यासारख्या. पोरांचे फोटो, सह्या, आधारच्या प्रती तुम्ही त्यातल्याच एखाद्या मशिनवर स्कॅन करत असणार. पुढचं बोलायला नको.

माझं इथे दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्रमागवाल्यांची बिलिंगची मशिनी, क्लासेस, एक-दोन पतसंस्था, सगळीकडे हेच काम, त्यामुळे स्वतःच्या इमेजा बनवूनच माझं पोट चालतं म्हणा ना. घाटवळण म्हणतात ते चुकीचं नाही, पण जसंच्या तसं क्लोन करायला मशिनी जुळ्या लागतात. तुमच्या सहा निराळ्या आहेत. विंडोजच्याच पद्धतीने इमेज केली तर अठराही एका फाइलवर निघतात.

विंडोज एक्सपीच्या काळात हे जमायचं नाही. घोस्ट या तेव्हाच्या क्लोनिंग प्रोग्रॅमने काढलेली इमेज दुसऱ्या बोर्डावर टाकली की निळा पडदा, कारण हार्डवेअरशी बोलणारा थर, एचएएल, मशीनगणिक वेगळा असायचा. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजची डीव्हीडीच एक तयार इमेज घेऊन यायला लागली. सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉल डॉट विम ती हीच. डिस्कचे सेक्टर न उचलता ती फाइली उचलते, म्हणून डिस्क लहानमोठी असली तरी अडत नाही, आणि हार्डवेअर कुठलं ते विंडोज बसताना स्वतः ओळखते. आपण करायचं एवढंच, की त्यांच्या विमच्या जागी आपली विम ठेवायची. विकतचं काही लागत नाही.

आता खरी गोष्ट. इमेज बनवणारे बहुतेक जण सापडेल ते तिच्यात कोंबतात. क्रोम, अँटिव्हायरस, टॅली, झूम, प्रिंटर, सगळं. महिन्याभरात निम्मं शिळं होतं आणि फॉरमॅटनंतरचा वेळ पुन्हा अपडेट करण्यातच जातो. माझा नियम: वर्षभर हलणार नाही तेवढंच इमेजमध्ये. फॉन्ट, लेआउटचं सॉफ्टवेअर, लिब्रेऑफिस किंवा तुमचं ऑफिस, सेव्हन-झिप. जे सारखं बदलतं ते बाहेर एका स्क्रिप्टमध्ये. विनगेटला (विंडोजचा कमांडवरून प्रोग्रॅम टाकणारा) यादी दिली की तो त्या दिवशीची ताजी आवृत्ती आणून टाकतो, तुम्ही समोर बसायची गरज नाही. आणि ज्याचं लायसन्स मशिनला किंवा डोंगलला (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) बांधलेलं असतं ते इमेजमध्ये कधीच नाही. क्लोन झालेलं लायसन्स भांडतं.

करायचं कसं. मास्टर मशीन खरं घेऊ नका, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत खोटा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बनवा. तिथे कुठल्या कंपनीचा ड्रायव्हर चिकटत नाही, आणि स्नॅपशॉट घेता येतो, बिघडलं की एका क्लिकवर मागे. तुमच्या आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत नाहीत, तिथे आठव्या पिढीपासून पुढचे लागतात, म्हणजे तुमच्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती. अधिकृत आयएसओ, म्हणजे विंडोजच्या डीव्हीडीची फाइल, घ्या. विंडोज बसून पहिला प्रश्न विचारते, देश कुठला, तिथे थांबायचं आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ-थ्री दाबायचं. मशीन रीस्टार्ट होऊन ऑडिट मोडमध्ये जातं. खातं बनवायचं नाही, काही नाही, थेट डेस्कटॉप. इथून पुढे नेट बंद. व्हर्च्युअल मशिनची नेटवर्कची केबलच काढून टाका. हे का ते पुढे कुणीतरी विचारणारच आहे.

फॉन्टचं नीट वाचा, कारण तुमचं काम मराठीचं आहे. विंडोज १० मध्ये १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबलक्लिक करून 'इन्स्टॉल' दाबलं, तर तो फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जातो. ऑडिट मोडमध्ये तुम्ही अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर असता. इमेज होते, नव्या मशिनवर 'विद्यार्थी' नावाचं खातं उघडतं, आणि एकही फॉन्ट दिसत नाही. फाइल उघडली की चौकोन. म्हणून सगळे फॉन्ट निवडायचे, राइट क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. एका डीटीपीवाल्याच्या दुकानात सगळी मशिनी या एका कारणाने पहिल्यापासून पुन्हा करताना मी पाहिली आहेत. लेआउटचं सॉफ्टवेअर टाकतानाही तसंच, 'फक्त माझ्यासाठी की सर्वांसाठी' असं विचारलं तर सर्वांसाठी.

सगळं झालं की स्नॅपशॉट. मग विंडोज, सिस्टिम३२, सिसप्रेप फोल्डरमधलं सिसप्रेप चालवा, ओओबीई (पहिल्यांदा सुरू होतानाचे पडदे) निवडा, 'जनरलाइझ'वर टिक, खाली 'शटडाउन'. मशिनची ओळख पुसली जाते, पुढच्या वेळी ते नवं कोरं म्हणून जागं होतं. आता ते मशीन चुकूनही त्याच डिस्कवरून सुरू करायचं नाही. विंडोजच्या आयएसओवरून बूट करा, पहिल्या पडद्यावर शिफ्ट-एफ-टेन, काळी खिडकी उघडते. तिथे डिझम, विंडोजचं इमेज हाताळायचं टूल, असतंच, त्याला कॅप्चर-इमेज सांगायचं. या खिडकीत सी ड्राइव्ह सी असेलच असं नाही, बऱ्याचदा डी किंवा ई होतो, म्हणून आधी डीआयआर मारून विंडोज फोल्डर कुठे दिसतो ते बघा. निघालेली विम ठेवायला दुसरी डिस्क लागते, तीही एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली.

तुमची विम ४ जीबीच्या पुढे जाणार, आणि बूटेबल पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ असतो, त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. डिझमनेच तिचे तुकडे करता येतात, ३८०० एमबीचा एक असे. इन्स्टॉल डॉट एसडब्ल्यूएम नावाने सोर्सेसमध्ये ठेवले की सेटअप आपोआप जोडून घेतो. किंवा रूफस या बूटेबल पेनड्राइव्ह बनवायच्या टूलने पेनड्राइव्ह एनटीएफएस करा. मला तुकडे बरे वाटतात, कुठल्याही जुन्या मशिनवर बिनबोभाट चालतात.

ड्रायव्हर इमेजमध्ये नकोत. ज्या मशिनी आत्ता नीट चालताहेत त्यांच्यावरच डिझमला एक्सपोर्ट-ड्रायव्हर सांगा, सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये निघतात. मॉडेलवार फोल्डर करून ठेवा. फॉरमॅटनंतर पीएनपीयूटिलला (विंडोजची ड्रायव्हर टाकायची कमांड) तो फोल्डर दाखवला की काम झालं. बारा सारख्या मशिनींना एकच फोल्डर, म्हणजे एकूण सातच.

राहिली तुमची तारीख. ती आणि कीबोर्ड दोन्ही ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये. पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवली की सेटअप प्रश्न विचारत बसत नाही: भारत, इंडिया स्टँडर्ड टाइम, इंग्रजी-भारत, मराठीचा कोड ०४४ई, स्थानिक खातं, खलास. वेबवर या फाइलीचे फुकट जनरेटर आहेत, टिका मारायच्या नि फाइल उतरवायची. पण डिस्क पुसून पार्टिशन करायचा पर्यायही तिथे असतो, तो घेऊ नका. डिस्क निवडायचं काम माणसाने करायचं. असा पेनड्राइव्ह कुणी चुकून चालू मशिनला लावला आणि त्यावरून बूट झालं, तर तो विचारत नाही, पुसतो. दोन डिस्कच्या मशिनमध्ये तर कुठली पुसेल सांगता येत नाही. वीस सेकंदांसाठी एवढी जोखीम कोण घेतो? आणि त्या फाइलीत पासवर्ड लिहिलात तर तो कुणालाही वाचता येतो, हेही ध्यानात असू द्या.

सर्व्हररूम, हडपसर

पाना_पक्कड यांनी जवळपास सगळं लिहिलंय, लायसन्सचं राहिलं. मी एका कंपनीत हेच काम करतो म्हणून सांगतो.

मशिनसोबत आलेली ओईएम विंडोज त्या मशिनच्या मीडियाने परत टाकायला हरकत नसते. पण एक इमेज बनवून अनेक मशिनींवर टाकायचा हक्क, ज्याला री-इमेजिंग राइट म्हणतात, तो मायक्रोसॉफ्ट व्हॉल्यूम लायसन्स (अनेक मशिनींचं एकगठ्ठा लायसन्स) असणाऱ्यांना देते, आणि इमेजही त्याच मीडियावरून करायची असते. एडिशन जुळली पाहिजे, प्रोला प्रो. प्रत्येक मशिनची स्वतःची विंडोज खरी असेल तर हा कागदाचा भाग आहे, पण इन्स्टिट्यूट म्हटल्यावर कागद नीट असलेले बरे. रिसेलरला विचारा.

घाटवळण, तुमच्यासाठी. सिसप्रेप न करता क्लोन केलं की सगळ्या मशिनींचा एसआयडी, म्हणजे विंडोजने मशिनला दिलेला ओळख क्रमांक, एकच राहतो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी त्याने फारसं बिघडत नाही असं सविस्तर लिहिलं होतं, न्यूएसआयडी हे एसआयडी बदलायचं टूलही तेव्हाच मागे घेतलं गेलं, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. पण विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ वर २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर सारखे एसआयडी असलेली मशिनी एकमेकांचं लॉगिन नाकारतात. शेअर फोल्डर उघडत नाही, पासवर्ड बरोबर असूनही. विंडोज १० ला हे लागू नाही, पण मॅडम उद्या ११ वर गेल्या तर जुन्या सवयीने क्लोन करून अडकतील.

घाटवळण

हे माहीत नव्हतं. आमच्या लॅबमधल्या नव्या मशिनींना शेअर दिसेना म्हणून आठवडाभर राउटरला शिव्या देतोय.

कळपट्टी, बार्शी

सगळ्यांचे आभार. पाना_पक्कड दादा, तुम्ही म्हणालात तसंच केलं, ऑडिट मोडपर्यंत सगळं जमलं. फॉन्टचं तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. पण लेआउटचं सॉफ्टवेअर उतरवायला मध्ये थोडा वेळ नेट चालू केलं होतं, आणि आता सिसप्रेप म्हणतं की विंडोज इन्स्टॉलेशन व्हॅलिडेट करता आलं नाही, लॉग बघा. लॉग इंग्रजीचा डोंगर आहे.

दुसरं, ऑफिसचा लॅपटॉप अकराव्या पिढीचा आहे. त्याला नुसता पेनड्राइव्ह लावून पाहिला, तर डिस्क निवडायच्या पडद्यावर डिस्कच नाही! रिकामी यादी. एसएसडी गेली का? एरवी तर चालू आहे.

आणि सिक्युरिटी अपडेट बंद झालेत म्हणतात, मग १० टाकत राहण्यात अर्थ आहे का?

पाना_पक्कड, इचलकरंजी

घ्या, नेटचा प्रश्न आलाच. नेट मिळालं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर मागच्या मागे आपली ॲप्स अपडेट करतं. ती नवी आवृत्ती फक्त त्या एका खात्यापुरती बसते, सर्वांसाठी नोंदलेली नसते, आणि सिसप्रेपला हे चालत नाही. सिसप्रेपच्या पँथर फोल्डरमधली सेटअपॲक्ट डॉट लॉग उघडा, पार तळाशी जा, 'इन्स्टॉल्ड फॉर अ यूजर, बट नॉट प्रोव्हिजन्ड फॉर ऑल यूजर्स' अशी ओळ असेल. तिच्या सुरुवातीला पॅकेजचं नाव असतं. पॉवरशेलमध्ये रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेजला ते नाव दिलं की जातं, पण एक काढलं की दुसरं वर येतं. मी तर सरळ स्नॅपशॉटवर मागे जाईन. लेआउटचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशिनवर उतरवा, त्याचीच एक आयएसओ करा आणि व्हर्च्युअल मशिनला सीडी म्हणून लावा.

लॅपटॉपची एसएसडी ठणठणीत आहे. अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत इंटेलचं व्हीएमडी (एसएसडी स्वतःच्या ताब्यात घेणारी सोय) चालू येतं, आणि विंडोज १० च्या सेटअपला त्यामागची डिस्क दिसत नाही. कंपनीच्या साइटवरून त्याचा, म्हणजे इंटेल आरएसटीचा, ड्रायव्हर घ्या. ती बहुतेकदा ईएक्सई असते, ती उलगडून आतला आयएनएफ फाइलीचा फोल्डर काढा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. रिकाम्या यादीखाली 'लोड ड्रायव्हर' आहे, तिथून दाखवा, डिस्क हजर. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा असंही लोक सांगतात. तसं केलंत तर आत्ताची चालू विंडोज बूट व्हायची नाही, म्हणून तो मार्ग मी सांगत नाही.

पण थांबा, त्या लॅपटॉपला ही इमेज टाकूच नका. तो ११ ला पात्र आहे, त्याला ११ च द्या. शिवाय आपल्याकडे घरगुती लॅपटॉप बहुतेक होम सिंगल लँग्वेजचे येतात, किल्ली बायोसमध्येच असते. सेटअप ती किल्ली वाचतो आणि तुमच्या विममध्ये फक्त प्रो असेल तर अडून बसतो, वर एरर अशी देतो की लायसन्सच्या अटीच सापडत नाहीत. माणूस पेनड्राइव्ह बदलत बसतो. तुमच्या उरलेल्या पाच मशिनींवरही सेटिंग्जमध्ये जाऊन एडिशन कोणती ते आधी बघून ठेवा. खरी विंडोज ॲक्टिव्हेट झालेली असेल तर तीच एडिशन परत टाकल्यावर नेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होते, बोर्ड तोच असला की झालं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, खरं आहे. वाढीव अपडेट विकत मिळतात, संस्थांना पहिल्या वर्षी मशिनमागे ६१ डॉलर. बारा जुन्या मशिनींना ते पैसे घालण्यापेक्षा मी त्यांना इंटरनेटच देणार नाही. टायपिंगच्या सरावाला नेट कशाला? लॅन असू द्या, प्रिंट जाईल, बाहेरचं जग बंद. फॉर्म भरणं, मेल, स्कॅनिंग सगळं त्या ११ वाल्या लॅपटॉपवर. पेनड्राइव्हवाल्या पोरांचं काय ते ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंग्ज) रिमूव्हेबल स्टोरेज बंद करून बघा, म्हणजे फॉरमॅट मारायची वेळच कमी येईल. फक्त ही सेटिंग मशीन पूर्ण तयार झाल्यावर करा, नाहीतर ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह तुम्हालाच उघडणार नाही.

प्रिंटरचं तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये म्हणाला होतात. यूएसबीने जोडलेला असेल तर त्याचा ड्रायव्हर ड्रायव्हरच्या फोल्डरात टाका, इमेजमध्ये नको. लॅनवर असेल तर राउटरमध्ये त्याचा आयपी पक्का करून घ्या आणि मला मॉडेल सांगा, स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवून देतो.